भिंतीच्या आतला खर्च

घरात नळाचं काम निघालं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. घरमालक विचारतो, “किती घेणार?” प्लंबर म्हणतो, “साहेब, खोलल्यावर कळेल.” विचारणाऱ्याला काम नेमकं काय आहे ते ठाऊक नसतं आणि सांगणाऱ्याला आकडा तोंडातून काढायचा नसतो. मग ‘बघू, आधी सुरू तर करा’ यावर बोलणं संपतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाथरूमची एक भिंत विटांपर्यंत उघडी, पॅसेजमध्ये राडारोड्याच्या गोण्या, आणि सकाळी पाच हजारांत भागेल असं वाटलेलं काम वीस हजारांच्या पुढे. घरमालकाला वाटतं, आपल्याला टोपी घातली. प्लंबरला वाटतं, मी तर आधीच सांगितलं होतं. बहुतेक वेळा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं.

ही पुस्तिका त्या दोन वाक्यांच्या मधली जागा भरण्यासाठी लिहिली आहे. प्लंबिंग शिकवणं हा तिचा हेतू नाही; ती वाचून कुणी पाना घेऊन भिंतीला भिडावं अशी अपेक्षाही नाही. घरातल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या कामाचा खर्च कशाचा बनलेला असतो, तो कुठे फुगतो, कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवू नये, एवढं कळलं तरी पुरे. तिचं सांगणं एका ओळीचं आहे: खर्च पाइपचा कमी, पाइपपर्यंत पोचण्याचा जास्त. पुढची प्रकरणं या ओळीचाच विस्तार आहेत, म्हणून इथे ती जरा सविस्तर मांडतो.

नव्वदच्या दशकात बांधलेल्या एखाद्या सोसायटीतलं बाथरूम घ्या. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठलंही चालेल. भिंतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप. बाहेरगावाहून चार दिवसांनी परत आलं की नळाला पहिलं पाणी तांबूस येतं, कारण आतून गंज धरून पाइपचं भोक निम्म्यावर आलेलं असतं. बेसिनमागच्या भिंतीला बेडरूमच्या बाजूनं पोपडे आलेत. प्लंबर येतो, भिंतीवर बोटांनी टिचक्या मारतो, पोकळ आवाज कुठे येतो ते बघतो आणि सांगतो, एल्बोचा जोड गेलाय. एक एल्बो. त्याची किंमत विचारली तर हसू यावं इतकी.

आता त्या एल्बोपर्यंत जायचं. आधी पाणी बंद करायला गच्चीवर. तिथला वॉल्व्ह वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नसतो. जोर केला की दांडी गोल फिरते आणि पाणी तसंच वाहत राहतं. म्हणजे पहिला खर्च नव्या वॉल्व्हचा. त्याच उभ्या लाइनवर खालचेही फ्लॅट असतात, त्यांना आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो, म्हणजे काम एका दिवसानं पुढे. मग टाइल फोडायची. ती एकटी निघत नाही, शेजारच्या दोन-तीन टाइलांचे कोपरे घेऊन येते. गिलावा काढून झिरी मारली, एल्बो दिसला, त्याला पाना लावला. आणि इथेच ‘खोलल्यावर कळेल’ या वाक्याचा खरा अर्थ उलगडतो: पान्याचा जोर या जोडावर देताना गंजलेल्या लाइनवरचा पुढचा जोड ढिला होतो, किंवा आटेच तुटून आत राहतात. आता तिथपर्यंत भिंत फोडा. तिथला पाइपही तसाच. दुपारपर्यंत प्रश्न एल्बोचा राहिलेला नसतो. ठिगळ लावून वेळ मारून न्यायची की सगळी लाइन बदलायची, हे आता ठरवायचं असतं, तेही पाणी बंद असताना आणि घरचे लोक बादल्या घेऊन उभे असताना.

लाइन बदलायची ठरली तर हल्ली बहुधा सीपीव्हीसी येतो. जोड सॉल्व्हंटनं चिकटवायचे, ते पक्के व्हायला वेळ द्यायचा, हातपंपानं दाब भरून तो टिकतो का बघायचं, मग झिरी बुजवायची, वॉटरप्रूफिंगचा हात मारायचा, टाइल लावायची. आणि ती टाइल बाजारात मिळत नाही. ८ बाय १२ इंचाची, फिकट निळ्या वेलबुट्टीची टाइल कधीच बंद झालेली असते. त्या पट्ट्यात वेगळ्या रंगाची टाइल लावा, नाहीतर सगळी भिंत नवी करा. आणि एक भिंत नवी केली की उरलेल्या तीन डोळ्यांना खुपायला लागतात. या सगळ्यात नवा पाइप किती लागला? काही फूट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक कामाचा हिशेब चार खात्यांत मांडला आहे: माल, मजुरी, फोडणं-बुजवणं आणि वरकड. वाचकानं एखादं कोटेशन हातात घेतलं की पहिल्यांदा त्यातली प्रत्येक ओळ या चारपैकी एका खात्यात टाकावी. जे खातं रिकामं राहील, तिथून नंतर भांडण निघणार हे धरून चालावं.

मालाचं खातं सगळ्यात सोपं, कारण त्याला बिल असतं. पाइपच्या जाती ओळखल्या की निम्मं काम होतं. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी गरम आणि गार, दोन्ही पाण्याला चालतो. त्याचं भारतीय मानक आयएस १५७७८. पांढरा यूपीव्हीसी गार पाण्याचा, त्याला गीझरचं पाणी मानवत नाही. करड्या रंगाचा एसडब्ल्यूआर सांडपाण्याचा, त्याचं मानक आयएस १३५९२. जीआय अजूनही काही ठिकाणी वापरतात. त्याच्यावरचा रंगीत पट्टा जाडी सांगतो. पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जाड. सीपीव्हीसीवर एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ असं छापलेलं असतं. आकडा लहान म्हणजे पाइप जाड, कारण बाहेरच्या व्यासाला त्या आकड्यानं भागलं की भिंतीची जाडी मिळते. पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. एसडीआर ११ मध्ये त्याची भिंत २ मिलिमीटर भरते, १३.५ मध्ये जेमतेम १.६. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. कोटेशनमध्ये नुसतं ‘सीपीव्हीसी पाइप’ लिहिलं असेल तर कुठला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. भिंतीत जाणाऱ्या आणि गरम पाण्याच्या लाइनला जाड पाइप घ्यावा.

पाइपपेक्षा जोडांकडे लक्ष द्यावं. एका साध्या बाथरूमचे पॉइंट मोजा: बेसिनला गरम-गार दोन, शॉवरच्या डायव्हर्टरला दोन, गीझरला आत-बाहेर दोन, फ्लशच्या टाकीला एक, हेल्थ फॉसेटला एक. झाले आठ, आणि वॉशिंग मशीन तिथेच असेल तर नऊ. प्रत्येक पॉइंटच्या तोंडाशी एक आट्यांचा एल्बो येतो, ज्यात नळ किंवा अँगल कॉक फिरवून बसवतात. हा एल्बो पितळी आट्यांचाच हवा. प्लास्टिकच्या आट्यांचा घेतला तर पॉइंटमागे थोडे पैसे सुटतात, पण नळ घट्ट करताना तो भिंतीच्या आत चिरतो आणि चीर गेली हे काही महिन्यांनी, शेजारच्या खोलीतला रंग फुगल्यावर कळतं. भिंतीच्या आत जाणाऱ्या वस्तूवर काटकसर करू नये आणि बाहेर दिसणाऱ्या वस्तूवर खुशाल करावी, हा या पुस्तिकेचा सरसकट सल्ला आहे. साधा नळ दोन वर्षांनी आवडेनासा झाला तर दहा मिनिटांत बदलता येतो. डायव्हर्टरची बॉडी मात्र भिंतीत गाडलेली असते. ती चांगल्या प्रतीची आणि सुटे भाग मिळतील अशा बनावटीची असावी, म्हणजे पुढे आतलं कार्ट्रिज बदलून भागतं, टाइल फोडावी लागत नाही. प्रत्यक्षात लोक बरोबर उलटं करतात, कारण पाहुण्यांना नळ दिसतो, एल्बो दिसत नाही.

मालाचे भाव का हलतात, हेही थोडक्यात समजून घ्यावं. पीव्हीसीचा कच्चा माल पेट्रोकेमिकल उद्योगातून येतो, त्यामुळे खनिज तेलाची उलथापालथ पाइपच्या दरात उतरते. नळ आणि वॉल्व्ह पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त यांचे. जामनगरचे कारखाने त्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि धातूंचा बाजार चढला की तिथला दर चढतो. कमोड-बेसिनचा बराच माल मोरबी आणि थानगढच्या भट्ट्यांतून येतो, त्यात इंधनाचा आणि वाटेतल्या फुटीचा भाग असतो. शिवाय या धंद्यात छापील किंमत आणि दुकानातला प्रत्यक्ष दर यांत मोठी तफावत असते. सूट किती टक्के यावर जाऊ नका. करासकट हातात पडणारा निव्वळ दर दोन दुकानांतून विचारा. पाइप आणि नळ यांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला कच्चं बिल घेतलं की वॉरंटीचा कागदही गेला.

मजुरीचं खातं जास्त गुंतागुंतीचं आहे. ती तीन तऱ्हांनी ठरते: पॉइंटवर, उक्ती किंवा हजेरीवर. नवं बाथरूम करताना पॉइंटचा दर सोयीचा, पण पॉइंट म्हणजे काय ते आधी ठरवा. गरम आणि गार मिळून एक की दोन? डायव्हर्टर एक की तीन? सांडपाण्याचा पॉइंट वेगळा धरणार का? झिरी मारणं पॉइंटात येतं की ते बिगाऱ्याचं वेगळं काम? दोन प्लंबरांच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक दिसला तर बहुधा दर सारखेच असतात, मोजायची रीत वेगळी असते. जुन्या लाइनच्या दुरुस्तीला मात्र उक्तं काम कुणालाच परवडत नाही. भिंतीत काय निघेल ते माहीत नसताना उक्ता आकडा मागितला, तर शहाणा प्लंबर भीतीचे पैसे त्यात मिळवतो आणि भोळा प्लंबर अर्ध्यावर काम टाकतो. तिथे पहिल्या दिवसाची हजेरी ठरवावी, भिंत उघडावी आणि काय आहे ते बघून पुढचा आकडा ठरवावा. ‘खोलल्यावर कळेल’ हे टोलवाटोलवीचं वाक्य उरत नाही, कामाचा पहिला टप्पा होतं.

लहान कामाची मजुरी लोकांना सगळ्यात जास्त बोचते. नळाचा वॉशर बदलायला पाच मिनिटं लागली आणि पैसे इतके? पण ती पाच मिनिटं विकत घेता येत नाहीत. प्लंबरनं स्कूटर काढली, सोसायटीच्या गेटवर नाव लिहिलं, नळ उघडून वॉशर कुठला ते पाहिलं, पुन्हा खाली हार्डवेअरच्या दुकानात गेला, परत आला. त्याचा अर्धा दिवस गेला. यावर उपाय घासाघीस हा नाही, कामं साठवावीत. थेंबथेंब गळणारा स्वयंपाकघरातला नळ, न थांबणारा फ्लश, कडक झालेला अँगल कॉक, मंदावलेला शॉवर, अशी यादी दारामागे लावून ठेवा आणि एका फेरीत उरका. मोठी गळती या यादीत टाकू नका. ते भिजत घोंगडं महागात पडतं.

मजुरी कोणाला जाते, तेही माहीत असावं. ओडिशातला केंद्रापाडा जिल्हा प्लंबरांचा जिल्हा म्हणून देशभर ओळखला जातो. तिथल्या पट्टामुंडाई इथे प्लंबिंगचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या इमारतींची कामं करणाऱ्यांत ओडिया कारागीर भरपूर भेटतात. गावाकडे शेतीची किंवा सणाची वेळ आली की माणसं कमी होतात आणि दर चढतो. एक कारागीर, एक हेल्पर ही जोडी कामाचं किमान एकक आहे; एकट्यानं गच्चीवरचा वॉल्व्ह आणि बाथरूममधला नळ एकाच वेळी सांभाळता येत नाही. दोघांची हजेरी बघून ‘दुसरा नुसता उभा असतो’ असं म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

माल कोणी आणायचा, हा कायमचा वाद. ‘मटेरियलसकट’ दिलं तर दगदग वाचते, पण मालात प्लंबरचा नफा असतो, आणि असण्यात गैर काही नाही. फक्त जात, जाडी आणि मानक क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. ‘फक्त लेबर’ दिलं तर यादी घेऊन तुम्ही दुकानात. यादी नेहमी लांब असते, कारण काम अडू नये म्हणून दोन-चार नग जास्त लिहिले जातात. उरलेले नग परत घेणार का, हे दुकानदाराला बिल करण्यापूर्वी विचारा. ठरावीक दुकानातूनच घ्या असा आग्रह झाला तर तिथे कमिशन आहे असं समजावं. त्यावरून मनस्ताप करून घेण्यापेक्षा दुसऱ्या दुकानातला निव्वळ दर समोर ठेवला की बोलणं लवकर मार्गी लागतं.

तिसरं खातं, फोडणं-बुजवणं, याबद्दल वर बरंच आलं. इथे सांडपाण्याची बाजू सांगायला हवी, कारण खर्च सर्वांत जास्त फसवतो तो तिथे. पाण्याचा पाइप वर, खाली, आडवा, कसाही नेता येतो. दाब त्याला ढकलतो. सांडपाणी उतारानंच जातं. चार इंची लाइनला साधारण ४० ला १ असा उतार लागतो, म्हणजे दहा फूट आडवी लाइन टाकली की तिचं पुढचं टोक तीन इंच खाली जातं. त्यात पाइपची स्वतःची जाडी, ट्रॅपची खोली, वरचा कोबा आणि टाइल मिळवा. फ्लॅटमध्ये ही सगळी उंची बाथरूमच्या खाली उतरवलेल्या स्लॅबच्या खड्ड्यात बसवलेली असते. कमोड या भिंतीवरून त्या भिंतीवर नेऊ या, फक्त पाच फूट तर आहे, असं इंटिरिअरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणणं सोपं असतं. प्रत्यक्षात त्या पाच फुटांसाठी सगळी फरशी उखडायची, खड्ड्यातला भराव काढायचा, लाइन बदलायची, वॉटरप्रूफिंग मुळापासून करायचं, पाणी कोंडून दोन दिवस ठेवायचं, खालच्या घरात जाऊन छत बघायचं, मग भराव, कोबा, टाइल. बेसिन सरकवायला हजार, तर कमोड सरकवायला दहा हजार अशी काहीशी पायरी असते. म्हणून नूतनीकरणात कमोडची जागा आहे तिथेच ठेवून बाकीचं काय बदलता येतं ते बघावं. आणि नहाणी ट्रॅपमध्ये पन्नासेक मिलिमीटर पाणी कायम अडकून राहील असाच ट्रॅप घ्यावा. उथळ ट्रॅपनं उंची वाचते, पण घरात गटाराचा वास कायमचा मुक्कामाला येतो.

चौथं खातं वरकडीचं. राडारोडा खाली उतरवणं आणि उचलून नेणं, लिफ्ट वापरायला सोसायटीची मनाई असेल तर गोण्या जिन्यानं नेण्याची मजुरी, दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद असल्यानं लांबलेले दिवस, बाहेरच्या डक्टमध्ये उतरायला परांची किंवा दोरीवरचा माणूस, आणि घरात पाणी नसलेल्या दिवसांची सोय. एकेक रक्कम लहान दिसते, पण बेरीज केली तर कधी कधी मालाच्या बिलाला गाठते.

यापुढचा प्रश्न खर्च किती याचा नसून कोणाचा, हा आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी या पुस्तिकेत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप, टाक्या, सांडपाण्याच्या लाइन, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक लाइनमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं व्हायची असते. त्यात न येणारी दुरुस्ती सभासदाच्या खर्चानं. कागदावर सरळ दिसणारी ही रेघ डक्टच्या तोंडाशी धूसर होते. तुमच्या बाथरूममधून निघणारी आडवी लाइन उभ्या सामाईक पाइपला मिळते तो जोड कोणाचा, यावर सभांमध्ये तास जातात. गळती नेमकी कुठे आहे हे आधी ठरवा आणि मगच पैसे कोणाचे यावर बोला. याच उपविधींत पाण्याचा आकार सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायची तरतूद आहे. म्हणजे बाल्कनीत हौसेनं काढलेला जादा नळ फक्त एकदाचा खर्च नसतो, दर महिन्याच्या बिलातही तो दिसू शकतो.

इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाची कारागिरी, दर्जा किंवा सेवांमधला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. भिंतीतली गळणारी लाइन त्यात बसू शकते. पण तुम्ही आधीच आपला प्लंबर लावून भिंत फोडली असेल, तर दोष मूळचा की तुमच्या कामाचा, यावर वाद होतो. अशा घरात हातोडा मारण्यापूर्वी लेखी तक्रार करा आणि फोटो काढा.

उंचीचाही खर्च असतो, तो कमी लोकांच्या लक्षात येतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. गच्चीवरची टाकी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या नळापासून तीनच मीटर उंच असेल, तर तिथे दाब मिळतो ०.३ किलो. सात मजले खाली मात्र दोन किलोंच्या पुढे. शोरूममध्ये धो धो पडणारा मोठा शॉवर वरच्या मजल्यावर आणून बसवला की त्यातून ठिबकसिंचन होतं, आणि मग प्रेशर पंपाचा, त्याच्या विजेच्या पॉइंटचा आणि आवाजाचा खर्च मागून येतो. शॉवर निवडण्याआधी आपल्या नळाला किती वेळात बादली भरते ते घड्याळ लावून बघावं.

गावातल्या किंवा प्लॉटवरच्या घराचं गणित वेगळं. तिथे टाइलपेक्षा टाकी, बोअर, मोटर आणि सेप्टिक टँक यांवर जास्त पैसा जातो. १००० लिटरच्या भरलेल्या टाकीचं वजन एक टन असतं. ती कुठे ठेवायची हे गवंड्याला विचारून ठरवायचं, प्लंबरला नव्हे. बोअरचं पाणी जड असेल तर गीझरचं कॉइल, शॉवरची छिद्रं आणि नळांची कार्ट्रिज क्षारांनी लवकर भरतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं म्हटलं आहे. महागडे नळ घेण्याआधी पाणी तपासून घेण्याचा खर्च त्यांच्यापुढे काहीच नाही.

दुरुस्ती पुढे ढकलण्याची किंमतही हिशेबात धरली पाहिजे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत तो थेट पैसा आहे. पण खरी किंमत भिंतीत आणि स्लॅबमध्ये मोजली जाते. ओल लोखंडी सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, फुगलेली सळई काँक्रीट फोडते. तिथून पुढचं काम प्लंबरचं उरत नाही.

या पुस्तिकेत रुपयांतले दर जाणूनबुजून कमी दिले आहेत. आज छापलेला दर पुढच्या वर्षी खोटा ठरतो, आणि मुंबईचा दर लातूरला चालत नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणात नग, फूट, पॉइंट आणि दिवस यांचे तक्ते आहेत. दराचे रकाने रिकामे ठेवले आहेत, ते आपापल्या गावच्या दरानं भरावेत. सरकारी कामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग दरसूची प्रसिद्ध करतो, तिच्यात पाइप, जोड, नळ, कमोड बसवण्याचे दर असतात. किरकोळ घरकामाला ते दर जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण कोण किती वाहवत गेलंय ते ताडून बघायला उपयोगी पडतात.

कोटेशन वाचायचा सराव म्हणून एक कल्पित उदाहरण. समजा एका कामाला पहिल्यानं ‘लाइन बदलणे, उक्ते, १८,००० रुपये’ असं सांगितलं. दुसऱ्यानं दिलं २७,०००: माल १०,०००, मजुरी ८,०००, टाइल आणि बुजवणं ६,०००, राडारोडा आणि किरकोळ ३,०००. पहिला स्वस्त दिसतो. चार खात्यांत टाकून पाहिलं तर त्याच्याकडे शेवटची दोन खाती कोरी आहेत. ती भरली की दोघे एकाच आकड्यावर येतात. फरक एवढाच, की दुसऱ्याचे ९,००० तुम्हाला आधी कळले आणि पहिल्याचे भिंत उघडी पडल्यावर कळतील, जेव्हा नाही म्हणायची सोय नसेल. शिवाय जुन्या इमारतीत कुठल्याही बेरजेवर दहा-पंधरा टक्के वेगळे ठेवावेत आणि ते प्लंबरला सांगू नयेत.

पैसे देण्याचा क्रमही कामाच्या क्रमाशी बांधावा. मालासाठी उचल द्यावी, लाइन टाकून झाल्यावर काही द्यावं. पण मोठा हप्ता झिरी बुजवण्यापूर्वीच्या दाबचाचणीला बांधलेला असावा. दाब भरला, काटा रात्रभर हलला नाही, तर पैसे. टाइल लागल्यावर चाचणीला अर्थ उरत नाही. आणि भिंत बंद होण्याआधी, टेप धरून, प्रत्येक लाइनचा फोटो काढावा: फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती. हा फोटो फुकट असतो. पुढे कधी टॉवेलची दांडी बसवायला कुणी ड्रिल आणलं, तर तोच फोटो तुमचे हजारो रुपये वाचवेल. घर विकलंत तर नव्या मालकाला किल्ल्यांबरोबर तोही द्या.

प्रकरणं क्रमानंच वाचावीत असं नाही. काम अंगावर आलेलं असेल तर कोटेशनचं प्रकरण आधी वाचा. नवं घर घेत असाल तर तपासणीचं. काहीच निघालेलं नसेल तर देखभालीचं, कारण पैसा खरा तिथे वाचतो. मात्र पान उलटण्याआधी उठून घरातला मुख्य कॉक शोधा आणि तो पूर्ण बंद होतो का ते फिरवून पाहा. बंद झाला तर पुस्तिका निवांत वाचा. झाला नाही, तर तुमच्या अंदाजपत्रकातली पहिली ओळ तयार झाली.